दोन केस पुढे

क्लेम शिर्मरला खोटं बोलता येत नाही, हे करविनी गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. थाप मारायला गेला की त्याचे कान लाल व्हायचे, आणि कान तरी केवढे, सुपाएवढे! पत्ते खेळायला बसला की समोरचा पत्त्यांकडे बघतच नसे, कानांकडे बघे. असा हा माणूस आपल्या लग्नाच्या बायकोशी दोन वर्षं खोटं बोलत आला होता. कान झाकायला म्हणून त्यानं शेडमध्येसुद्धा लोकरीची टोपी घालायला सुरुवात केली होती.

"म्हाताऱ्या, बाहेर अडतीस डिग्री आहे," एल्वा म्हणायची. "टोपीत काय अंडी उबवतोयस?"

"टकलाला वारा लागतो."

"शेडमध्ये? दार बंद करून?"

क्लेम तराजूत बंदुकीच्या दारूचे दाणे टाकत राहायचा.

खोटं होतं ते रायफलच्या नळीबद्दल. आता शिर्मरांच्या घरात नळीबद्दल खोटं म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हे. त्रेचाळीस वर्षं त्या घरात एकच वाटणी चालत आलेली: नेम एल्वाचा, काडतुसं क्लेमची. क्लेम स्वतः बरा नेमबाज, पण बराच, त्याच्या पुढे नाही. एल्वानं गावच्या नेमबाजी क्लबाची ढाल अकरा वेळा घरी आणलेली. आठवडाभर क्लेम शेडमध्ये बसून एकेक पुंगळी साफ करायचा, दारू तोलायचा, गोळी बसवायचा. आणि शनिवारी एल्वा बांधावर पालथी पडून ती सातशे यार्डांवर पाठवायची. गव्हाचा भाव पडो की दुष्काळ पडो, शनिवार चुकला नाही.

नळी झिजते, हे तर खरंच. प्रत्येक बार उडाला की आग तिचा घसा चाटते. आतले पीळदार आटे हळूहळू पुढे पुढे सरकतात आणि गोळीला त्यांच्यापर्यंत पोचायला उडी मारावी लागते. उडी लांबली की नेम फाटतो. मग काडतूस भरणाऱ्यानं काय करायचं, तर गोळी पुंगळीत जरा कमी खोल बसवायची, म्हणजे ती तेवढीच पुढे जाते. आणि नळी आणखी जुनी झाली की दारूची चिमूट थोडी वाढवायची. क्लेम हे सगळं केसांत मोजायचा. "ह्या महिन्यात एक केस पुढे घेतली," म्हणायचा. व्हर्नियर होताच, पण घरात बोलायचं माप म्हणजे केस. नळी नवी बसवली त्या दिवशीचं पहिलं काडतूस एल्वानं स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं करून ठेवलेलं होतं. अधूनमधून ती नवं काडतूस त्याच्याशेजारी ठेवून बघायची. "वाढतंय हं बाळ," म्हणायची.

दोन वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी एल्वा बांधावरून उठली ती पांढरीफटक. पन्नासपैकी एकेचाळीस. एल्वाला एकेचाळीस! तिनं चटई गुंडाळली, क्लेमजवळ आली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "क्लेम, खरं सांग. मी का?"

क्लेमला माहीत होतं. तीच होती. त्याच आठवड्यात तिनं डाव्या डोळ्यातली धूळ चोळत चोळत फाटकाजवळच्या टपालपेटीला शेजारीण समजून हात केला होता, आणि वर "बाई हल्ली बोलत नाही" म्हणून रुसलीही होती. पण तिचं ते तोंड बघून त्याला ते सांगवेना. एल्वाचं बोलणं त्याला पाठ होतं: "ज्या दिवशी माझ्यामुळे नेम चुकेल, त्या दिवशी रायफल क्लबाच्या भिंतीला टांगीन. लोकांनी कीव करावी आणि मी लोळत राहावं, असलं मला जमायचं नाही." आणि एल्वा बोलली की करते. तिच्या बहिणीनं, हिल्डानं, असंच एक दिवस गाडीची किल्ली टेबलावर ठेवली, खिडकीशी खुर्ची ओढून बसली, आणि दीड वर्षात गेली. आजार म्हणावा असा काही नव्हताच. क्लेमला ती खुर्ची दिसली. एल्वा तिच्यात बसलेली दिसली.

"तू कसली?" तो म्हणाला. "नळी आहे ती. घसा खाल्ला गेलाय. दोन केस पुढे घेतो, बघ."

नशीब बघा कसं असतं. पुढच्या शनिवारी आभाळ भरून आलं, उजेड मऊ पडला, डोळ्यांना सोपा गेला, आणि एल्वानं सत्तेचाळीस मारले. धावत येऊन तिनं क्लेमच्या गालाचा मुका घेतला, सगळ्यांसमोर. "माझा क्लेम! दोन केसांत काम केलं!" बिचारा क्लेम. त्या मुक्यानं त्याचे पाय बांधले.

एक खोटं सांगितलं की त्याला दाणापाणी घालावं लागतं. एल्वा खिडकीत काडतुसं शेजारी शेजारी ठेवून बघणार, म्हणजे गोळी खरोखरच पुढे घ्यायला हवी. नळी तर चांगली होती. सळईनं माप घेतलं की आटे जवळपास होते तिथेच. तरी क्लेम गोळी पुढे घेत गेला. कधी एक केस, कधी दोन. तोंडानं मात्र "घसा आणखी चार केस गेला" असं सांगायचा. शेवटी गोळी आट्यांना टेकली, मग आट्यांत रुतायला लागली. गोळी अशी रुतवली की नळीत दाब चढतो, हे त्याला कळत होतं, म्हणून दारू चिमूटभर कमी केली. एल्वाच्या केसाला धक्का लागेल असं काही त्यानं केलं नसतं. काडतूस आत कोंडणारा दांडा ढकलताना एल्वा एकदोनदा म्हणाली, "बोल्ट जरा जड लागतोय रे." तो म्हणाला, "धूळ." ऑक्टोबरपासून नुसती धूळच तर उडत होती, त्यामुळे तेही खपलं.

पण चोराच्या मनात चांदणं. शेडमधल्या वहीत मात्र त्याच्या हातून खोटं लिहिलं जाईना. बोलताना टोपी घालता येते, लिहिताना काय घालणार? पेन्सिलीनं तो खरंच लिहायचा: नळी होती तिथे. गोळी एक केस पुढे. दारू कमी. तारीख.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी ऊन असं होतं की निशाणं पाण्यात उभी केल्यासारखी हलत होती. सातशे यार्ड. एल्वा पालथी पडलेली, मागे स्टुलावर दुर्बीण लावून क्लेम, मांडीवर गुणांची पाटी. एल्वानं काडतूस आत सारलं, बोल्ट जोर लावून बंद केला, श्वास सोडला. तेवढ्यात मर्व नॉस्के, क्लबाचा कॅप्टन, ओरडला, "थांबवा! सगळ्यांनी थांबवा! काडतुसं बाहेर!"

तीनशे यार्डांवर एक एमू बाप आपली आठ पिल्लं घेऊन मैदान ओलांडत होता. आणि घाई कसली म्हणून नाही.

"चल रे बाबा, चल!" मर्व वैतागला. "ह्याला आजच पोरं फिरवायची होती."

सगळे हसत होते. एल्वाही हसत होती. हसत हसतच तिनं बोल्ट मागे ओढला. पुंगळी बाहेर आली, पण नुसती पुंगळी. गोळी आत नळीतच रुतून राहिली होती आणि दारूचे काळे दाणे भुर्रकन सगळीकडे सांडले, बोल्टच्या खोबणीत, चटईवर, एल्वाच्या बाहीवर.

एल्वाचं हसू गेलं. ती बराच वेळ त्या दाण्यांकडे बघत राहिली. क्लेमला दुर्बिणीवरून डोळा काढायचा धीर होईना, जणू तिकडे एमूच बघायचा होता.

मर्व वाकून म्हणाला, "अरेरे! क्लेम, लेका, गोळी जरा जास्तच पुढे काढलीस की. तुझ्या हातून? सूर्य कुठे उगवला आज?"

"होतं कधीकधी," एल्वा म्हणाली. एवढंच.

पण तिला कळलं होतं. मर्वला चूक दिसली. एल्वाला हिशेब दिसला. क्लेम म्हणतो तसा घसा खरंच एवढा खाल्ला गेला असता, तर ही गोळी आट्यांपर्यंत पोचलीसुद्धा नसती. आणि क्लेम चुकतो म्हणावं, तर त्रेचाळीस वर्षांत तो अर्ध्या केसानं चुकला नव्हता. म्हणजे नळी झिजलेली नाही. मग काय झिजलंय?

त्यांनी नळीच्या तोंडाकडून सळई घालून गोळी ठोकून बाहेर काढली. चहाच्या वेळी एल्वानं आपला किचनर बन, जॅम आणि साय भरलेला आवडता गोड पाव, न खाता रुमालात बांधला. घरी येताना ट्रकमध्ये ती समोर रस्त्याकडे बघत राहिली. क्लेमनं एकदा म्हटलं, "पाऊस येईलसं वाटतं." आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता. तिनं खिडकीची काच वर केली. बोलली असती, चिडली असती, तर बरं, असं त्याला वाटलं.

घरी आल्यावर ती चपला न बदलता सरळ शेडमध्ये गेली. क्लेम मागोमाग. तिनं सळई काढली, मापाची पुंगळी काढली, गोळी आत ढकलून आटे कुठे लागतात ते स्वतः मोजलं. आकडा वाचायला व्हर्नियर डाव्या डोळ्याजवळ नेला, हे क्लेमनं बघितलं. मग तिनं वही उघडली. पान उलटलं, आणखी एक उलटलं.

"दारू कमी," तिनं वाचलं. "दारू कमी. पुन्हा कमी. कुठली झिजलेली नळी कमी दारू मागते रे, क्लेम?"

क्लेमनं टोपी काढली. आता टोपीचा काय उपयोग होता?

"दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षं मी गावभर सांगत फिरले, माझी नळी गेलीय म्हणून. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी जन्मात कधी म्हटलं होतं का? तू माझ्याकडून म्हणवून घेतलंस! आणि वर अंगण वाकडं करून दिलंस, हातानं, केसाकेसानं!"

"एल्वा..."

"आपलं लग्न कशावर झालं, आठवतं का तुला?"

आठवत होतं. एल्वा तेव्हा सव्वीसची. पोरं तिच्यामागे स्टुलावर बसायला भांडायची, आणि जो बसेल तो गुण हाकारताना तिला खूश करायला चारला पाच म्हणायचा. क्लेम नवा होता. तिचा पहिलाच बार कडेला गेला, आणि सगळं मैदान ऐकेल अशा आवाजात तो ओरडला, "तीन!" ती रागानं वळली, तर हा बापडा घाबरून म्हणाला, "तीनच आहे हो. मी काय करू?" एल्वानं त्या दिवशीच ठरवलं, माणूस हाच.

"मला भीती वाटली," क्लेम म्हणाला.

"कसली?"

"हिल्डाच्या खुर्चीची." त्यानं हातातली टोपी पिळली. "तू रायफल टांगशील. मग शनिवारी काय करायचं? तू खिडकीशी बसशील आणि मी इथे बसेन, रिकाम्या पुंगळ्या घेऊन. मला नाही जमणार गं ते. तुझ्याशिवाय काडतुसं कुणासाठी भरू? म्हणून बोललो. चुकलं माझं."

एल्वा स्टुलावर बसली. तिच्या बाहीला अजून दारूचे दाणे चिकटलेले होते, ते ती एकेक करून टिपून वाटीत टाकत राहिली.

"एक सांग," ती शेवटी म्हणाली. आवाज खाली आला होता, पण राग गेला नव्हता. "ह्या नळीआधीची नळी. तिचा घसा चार केस गेला, तेव्हा ती उचलून फेकलीस?"

"नाही."

"आठ केस गेला तेव्हा?"

"नाही. गोळी पुढे घेतली."

"त्या लोखंडासाठी सरकत गेलास. सहा वर्षं. आणि बायकोचा डोळा गेला तर तिला सांगवेना? काय वाटलं तुला, मला सरकता येत नाही?"

"तूच म्हणायचीस, भिंतीला टांगीन."

"म्हणायचे! माणूस पन्नास गोष्टी म्हणतो. तू समोर बसून म्हणायचंस, एल्वा, तोंड बंद कर आणि डॉक्टरकडे चल. दोन वर्षांपूर्वी म्हणायचंस." आणि मग ती रडली. क्लेमनं तिला जवळ घेतलं, तर तिनं कोपरानं ढकललं. दुसऱ्यांदा घेतलं, तेव्हा नाही ढकललं.

सोमवारी ते मरे ब्रिज शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. उजव्या डोळ्याच्या मागे, बरोबर मध्यावर, झीज झाली होती. गेलं ते परत येणार नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या, इंजेक्शनं देऊन उरलेलं टिकवता येईल. डावा डोळा ठणठणीत आहे.

"दोन वर्षांपूर्वी आले असते तर?" एल्वानं विचारलं.

"थोडं जास्त वाचलं असतं, बहुतेक. किती, ते सांगता येत नाही."

क्लेमनं मान खाली घातली. परतीच्या वाटेवर ट्रक त्यानं रस्त्याच्या कडेला थांबवला, स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि तसाच बसून राहिला. बाहेर कापलेल्या गव्हाच्या बुडख्यांतून गुलाबी काकाकुवे दाणे टिपत होते. एल्वानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"झालं ते झालं," ती म्हणाली. "माफ केलं असं नाही म्हणणार मी इतक्यात. पण चल. घरी जाऊन ते लाकूड बघायचंय."

"कुठलं लाकूड?"

"रायफलचा दस्ता. गालाचा आधार उलटा बसवावा लागेल ना? डाव्या खांद्यानं मारायची तर."

क्लेमनं डोकं वर केलं. "एल्वा, तू एकोणसत्तर वर्षांची आहेस."

"मग? एकेक वर्ष झालंय, एकदम नाही झालं."

डाव्या खांद्यावर रायफल घेणं म्हणजे डाव्या हातानं जेवायला शिकणं. पट्टा उलट्या दंडाला, कोपरं उलटी, श्वास उलटा. बोल्ट उजवीकडे, म्हणजे दर वेळी रायफलवरून हात पलीकडे टाकायचा. क्लेमनं गालाचा आधार तीन वेळा तासला आणि तिन्ही वेळा एल्वानं तो परत पाठवला. गोळी मात्र त्यानं पहिल्याच दिवशी मागे घेतली, जिथे खरी असायला हवी तिथे. दारू तोलून पूर्ववत केली. खिडकीतल्या जुन्या काडतुसाशेजारी नवं ठेवलं, तर दोन्ही जवळजवळ सारखी. एल्वा म्हणाली, "ही नळी तर अजून तरणीताठी आहे, बिचारी. उगाच बदनाम केली आपण तिला."

फेब्रुवारीत ती मैदानावर परत आली. सातशेवर नाही. तीनशेवर, नवशिक्यांच्या रांगेत. अकरा ढाली आणलेली बाई नवशिक्यांत पालथी पडतेय म्हटल्यावर लोक चहाचे कप घेऊन बांधामागे जमले.

"एल्वा, उजवा हात विकलास का?" मर्वनं विचारलं.

"उजवा डोळा गेला," एल्वा सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "नळी चांगली आहे. नळीबद्दल मी बोलत होते ते सगळं विसरा."

कुणी हसलं नाही. मर्वनं टोपी काढून पुन्हा घातली आणि तिची चटई सरळ करून दिली.

क्लेम मागे स्टुलावर बसला, उघड्या डोक्यानं. दुर्बीण लावली. मांडीवर पाटी घेतली. त्रेचाळीस वर्षांपूर्वीही असाच बसला होता. पहिला बार, चार. दुसरा, चार. तिसरा पाच, आणि मागे कुणीतरी शिट्टी मारली. एल्वानं हात पलीकडे टाकून बोल्ट ओढला, कुरकुरत नवं काडतूस घातलं, बराच वेळ घेतला. बार झाला. दूर निशाण खंदकात खाली गेलं, वर आलं. गोळी लागल्याची जागा दाखवणारी पांढरी चकती पार कडेला, उजवीकडे.

एल्वानं मान वळवली नाही. निशाणाकडेच बघत तिनं विचारलं, "नळी का?"

क्लेमनं दुर्बीण बाजूला केली.  

"तू," तो म्हणाला. "ट्रिगर दाबला नाहीस, हिसडलास."

एल्वाचे खांदे हलायला लागले. त्याला वाटलं, रडतेय. तो स्टुलावरून अर्धा उठला. पण ती हसत होती, गाल त्या नव्या लाकडावर टेकवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"मोठ्यानं सांग," ती म्हणाली. "सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

आणि क्लेम शिर्मर, कान अगदी नेहमीच्या रंगाचे, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "तीन!"